गोल घरातला कोपरा

लग्न होऊन माई दीपगृहात राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने नानांना विचारलं होतं, झाडू कुठे ठेवायचा?

नानांना वाटलं, नवी नवरी काहीतरी विचारायचं म्हणून विचारते आहे. ते म्हणाले, ठेव की कुठेही. पण माईचा प्रश्न खरा होता. झाडू कोपऱ्यात ठेवतात, आणि त्या घरात कोपराच नव्हता. नाना दीपगृहाचे रखवालदार, त्यामुळे घर म्हणजे मनोऱ्याच्या पोटातल्या एकावर एक रचलेल्या खोल्या, आणि एकूण एक खोली गोल. झाडू भिंतीला उभा केला तर तो तिथे राखण करायला उभा आहे असंच दिसायचं. पाहुणा आला की आधी त्याची झाडूशी नजरानजर व्हायची आणि मग माईशी.

झाडूचं एक वेळ ठीक. पण माणसाला रुसून बसायला तरी कोपरा नको का? माई पहिल्यांदा रुसली तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसली. गोल भिंत मोठी समजूतदार. बसल्या जागी जरा इकडे सरक, जरा तिकडे सरक, असं करत माणसाला वळवत आणते आणि ज्याच्यावर रुसलोय त्याच्याच समोर नेऊन सोडते. त्यामुळे त्या दोघांचं भांडण कधी टिकलं नाही. नाना म्हणायचे, बांधणाऱ्याने सगळा विचार करून ठेवलाय. माई म्हणायची, त्याच्या बायकोला विचारलं असतं तर अजून केला असता.

आता बांधणाऱ्याचं तसं काही चुकलं नव्हतं. समुद्राला कोपरा खपत नाही. चौकोनी भिंत दिसली की लाट आधी तिचा कोपरा धरते, आणि ती बोट दिलं की मनगट धरणाऱ्यांपैकी. म्हणून त्या भल्या माणसाने तिला धरायला काही ठेवलंच नाही. खडकावर मनोऱ्याचा पाया जुन्या झाडाच्या बुंध्यासारखा रुंद पसरवला आणि वर जाताजाता तो निमुळता करत नेला. लाट रागाने येते, बुंध्यावरून वर चढू लागते, आणि चढता चढताच तिचा राग उतरतो. चिरेसुद्धा नुसते एकावर एक ठेवलेले नाहीत. प्रत्येकाला एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला तशीच जीभ. एकाची जीभ शेजारच्याच्या खाचेत. एक चिरा काढायचा म्हटला तर शेजारचा सोडवावा लागतो, तो सोडवायचा तर त्याच्या शेजारचा. नाना याला एकत्र कुटुंब म्हणायचे. कुणी कुणाला धरून ठेवलंय तेच कळत नाही, पण वादळात सगळे जागच्या जागी.

घर गोल, म्हणून सामानही गोल. कपाटांच्या पाठी वाकलेल्या, बाकं वाकलेली, आणि नानांचा पलंग तर भिंतीला धरून असा वळलेला, की त्यावर झोपून झोपून नानांनाही तसाच बाक आला. पहाटे पहारा संपवून ते खाली यायचे आणि चंद्रकोरीसारखे आडवे व्हायचे.

त्याच वेळी माई उठून देवापुढे बसायची. तिचा गळा गोड होता आणि भजनं अमाप पाठ होती. लहानपणी ती वडिलांचं बोट धरून प्रवचनं ऐकायला जायची. गाता गाता सांगणारे आणि सांगता सांगता गाणारे ते प्रवचनकार तिच्या कानात कायमचे मुक्कामाला आले होते. पण मनोऱ्यात एक अडचण होती. गोल खोलीत आवाज भिंतीवरून पळत सुटतो. ती एक ओळ म्हणून थांबायची, तर ओळ खोलीला प्रदक्षिणा घालून मागून यायची आणि पुढच्या ओळीच्या पाठीवर आपटायची. देवाला हाक मारावी आणि आपल्यालाच ओ ऐकू यावी, असं काहीसं व्हायचं.

ती म्हणायची, मला एक कोपरा असता तर. दोन भिंती दोन्ही बाजूंनी पाठीला लागतात, आवाज समोर जातो आणि सरळ परत येऊन मांडीवर बसतो. नाना थट्टा करायचे, देव तर चराचरात भरलेला, त्याला कोपरा कशाला?

"त्याला नकोच आहे," माई म्हणायची. "मला हवाय."

पुढे दिवा आपोआप लागू आणि विझू लागला. रखवालदाराची गरज उरली नाही. नाना निवृत्त झाले आणि दोघं गावात, बाजारामागच्या गल्लीत, एका साध्या घरात राहायला आली. माई दारातून आत शिरली, चपला काढल्या आणि सामान उतरायच्या आधी घरभर फिरली. प्रत्येक खोलीला चार कोपरे. तिला लॉटरी लागल्यासारखं झालं. स्वयंपाकघरातला, पूर्वेची खिडकी जवळ असलेला कोपरा तिने निवडला, पुसून घेतला, तिथे आपला देव ठेवला, समोर बसकर घातलं आणि बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गायली तेव्हा आवाज खरोखर परत येऊन मांडीवर बसला. त्या दिवसापासून माई तृप्त होती. कुणी विचारलं, कसं चाललंय, तर ती म्हणायची, मागायला काही उरलं नाही, म्हणून आता नुसतं नाव घेते.

नाना तक्रार करणारे नव्हते. सरळ पलंगावर ते सरळ झोपायला शिकले. पण जेवण झालं की ते टेबलाभोवती फेऱ्या मारायचे, एकाच दिशेने, जिना चढल्यासारखे. मनोऱ्यातून त्यांनी एकच वस्तू आणली होती, एक लाकडी पेटी, गोल पाठीची. ती सरळ भिंतीला लावली की मधे टेकायची आणि दोन्ही टोकांना डुगडुगायची. नाना जाता येता तिच्यावर हात ठेवायचे, जसा म्हाताऱ्या बैलावर ठेवतात.

या दोघांना एक लेक. ती आर्किटेक्ट, आणि जुन्या इमारती बऱ्या करणं हे तिचं काम. नानांनी सोडल्यावर मनोरा ओल धरू लागला होता, आणि कुणाच्या तरी मनात आलं म्हणून तो दुरुस्त करायचं ठरलं. काम लेकीकडे आलं. तिने मधल्या काळात कुणीतरी थापलेलं सिमेंट खरवडून काढलं, भिंतींना पुन्हा चुना दिला, आणि भिंतींनी इतक्या वर्षांनी श्वास घेतला असं ती घरी येऊन सांगायची. नाना जेवायचे थांबून ऐकत. खिडक्यांच्या चौकटी, सज्जाचा कठडा, दिव्याच्या खोलीवरचा तांब्याचा गोळा, ज्याच्या भोकांतून पूर्वी दिव्याचा धूर बाहेर जायचा, या सगळ्यांची ते नातेवाइकांसारखी चौकशी करत. गोळा बरा आहे ना? हो नाना, बरा आहे.

काम संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी लेक आली आणि चहा होईपर्यंत गप्प बसली. माईने ओळखलं, काहीतरी आहे. लेकीने सांगितलं ते असं, की मनोरा आता लोकांना बघायला उघडणार. पण रिकामी इमारत पुन्हा ओल धरते. रोज खिडक्या उघडणारं, चूल पेटवणारं, आल्यागेल्याला चार गोष्टी सांगणारं कुणीतरी तिथे राहायला हवं. दीपगृहाच्या कार्यालयाने तिला विचारलं होतं, तुझे आईवडील येतील का?

नानांच्या चेहऱ्यावर जे झालं ते माईने पाहिलं. त्यांनी ते लगेच पुसून टाकलं, पण पुसायला वेळ लागला.

"तुझ्या आईला विचार," ते म्हणाले. "मला काय, मी कुठेही राहीन." आणि ते उठून टेबलाभोवती फिरू लागले.

माई रात्रभर जागी होती असं काही नाही. ती छान झोपली. पण सकाळी कोपऱ्यात बसली तेव्हा भजन सुरू होईना. एका बाजूला हा कोपरा. इतकी वर्षं मागितलेला, आत्ता कुठे हाती आलेला. दुसऱ्या बाजूला टेबलाभोवती फिरणारी पावलं. नाना एकदाही म्हणाले नव्हते की जाऊ या. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

तिने नाश्त्याच्या वेळी निकाल दिला. मला तिथे कोपरा असेल तर मी येईन. नसेल तर येणार नाही, आणि त्याबद्दल कुणी तोंड पाडायचं नाही. देवाला मी हाक मारते ती देवाला ऐकू जावी, भिंतीला नको.

लेक म्हणाली, माई, मी भिंत बांधू शकत नाही. त्या दगडाला मी एक खिळासुद्धा ठोकू देत नाही कुणाला. जे करायचं ते असं हवं, की उद्या उचललं तर मागे ओरखडाही राहू नये.

मग खिळा न ठोकता कोपरा कोण करणार? तर नानांचे धाकटे भाऊ. ते सुतार. गल्लीत त्यांना सगळे पाचरकाका म्हणत, कारण खुर्ची डुगडुगो, दार अडको की कुणाचं लग्न मोडायला येवो, त्यांच्याकडे उपाय एकच, योग्य जागी एक बारीकशी पाचर. ते आले, लेकीचं म्हणणं ऐकलं, माईचं ऐकलं, आणि म्हणाले, वहिनी, आयुष्यभर सरळ भिंतीसाठी सरळ फळ्या कापल्या. गोल भिंतीला कोपरा करायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीने कागदावर काढून दाखवलं. समोरून दोन उभ्या फळ्या काटकोनात भेटणाऱ्या, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर जाणाऱ्या. मागची बाजू मात्र भिंतीसारखी गोल, म्हणजे ती दगडाला अंगाशी लागून उभी राहील, खिळा नको, दोरी नको. पुढचा काटकोन आणि मागचा बाक यांच्यामधे ज्या पोकळ्या राहतात, त्यांत कप्पे. माई म्हणाली, एका कप्प्यात झाडू राहील. काका म्हणाले, राहील.

आता माप हवं. कोपरा झोपायच्या खोलीत मांडायचा, तर तिथल्या भिंतीचा बाक नेमका किती? मनोरा गावापासून लांब, भरती उतरेपर्यंत खडकाकडे नेणाऱ्या बांधावरून जाता येत नाही. पाचरकाकांनी खोलीत नजर फिरवली आणि नानांच्या पेटीवर ठेवली.

म्हणाले, हे काय, माप घरातच बसलंय. ही तुमच्या झोपायच्या खोलीतली ना?

नाना म्हणाले, हो, पलंगाच्या पायथ्याशी असायची. माई म्हणाली, हो, मी तिच्यावर पांघरुणं ठेवायची. लेकीनेही मान डोलावली. तिच्या पिशवीत प्रत्येक मजल्याचे नकाशे होते, पण ती लहानपणी त्याच पेटीवर बसून अभ्यास करायची, आणि माणूस ज्यावर बसून मोठा झाला त्याचं माप परत घेत नाही. काकांनी पेटीच्या पाठीला पातळ फळी लावली, पेन्सिल फिरवली, साचा कापून घेतला आणि खुशीत निघून गेले.

पुढचे काही आठवडे त्यांच्या दुकानातून रंध्याचा आवाज येत राहिला. सागाच्या फळ्या, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या, सगळं सुटं होणारं, म्हणजे अरुंद जिन्यातून वर नेता येईल. काटकोन त्यांनी गुण्या लावून इतक्या वेळा तपासला, की त्यांची बायको म्हणाली, एवढं तर तुम्ही मला पसंत करताना पाहिलं नव्हतं.

ओहोटीच्या एका लख्ख सकाळी चौघं बांधावरून निघाली. फळ्या ढकलगाडीवर. मनोरा नव्या चुन्याने असा उजळ दिसत होता, की माई क्षणभर थांबली. दार उघडलं तसा आतून गार, स्वच्छ वास आला. नानांनी उंबरठ्याला हात लावला आणि मग पहिल्या वळणाच्या भिंतीला, आणि तळहात भिंतीवरून तसाच घसरत नेत ते चढू लागले. त्यांना कठडा लागत नव्हता. लेकीने माईला मागून आधार दिला.

झोपायच्या खोलीत काकांनी फळ्या जोडल्या. खुंट्या एकेक करून बसल्या. कोपरा उभा राहिला, देखणा, मेणाने पुसलेला. काका आणि लेक यांनी तो सरकवत भिंतीला नेला. मधोमध दगडाला टेकला. दोन्ही टोकांना बोट जाईल एवढी फट. काकांनी डावीकडे दाबलं तर उजवी बाजू सुटली, उजवीकडे दाबलं तर डावी.

माई आत बसली. कोपरा तिच्यासकट डुलला.

काकांनी खिशात हात घातला.

"पाचर नको, भाऊजी," माई म्हणाली. "देवापुढे बसायचं आणि मन सगळं त्या पाचरीत. सुटली का, धरली का. नको मला."

काकांचा हात खिशातच राहिला. त्या बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. त्यांनी आपला साचा काढून भिंतीला लावून पाहिला, पुन्हा पाहिला. लेक गुडघ्यांवर बसून फटीत डोळा घालत होती. माई उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. भिंत तिथे हातभर खोल, खिडकी तिच्या तळाशी. त्या खोबणीत ती पूर्वी दुधाचं भांडं गार ठेवायची. बाहेर पाणी मागे सरलेलं, खडक ओले, चमकणारे. तिला इथे छान वाटत होतं, हे खोटं नव्हतं. पण ओठांवर ओळ आली तसं तिने ती म्हणून पाहिली, हळू आवाजात, आणि ओळ सवयीप्रमाणे भिंतीवरून पळाली आणि पाठीमागून आली.

नाना तिच्याजवळ आले.

"चल," ते म्हणाले. "घरी जाऊ. दुपारच्या जेवणाला पोचू."

"तुम्ही एकदा तरी म्हणा, की इथे राहायचंय."

"मी म्हटलं की तू राहशील. म्हणून नाही म्हणत."

माईने त्यांच्याकडे पाहिलं. प्रवचनात ऐकलं होतं, की देणाऱ्याने देताना हात मागे न्यावा, म्हणजे घेणाऱ्याला ओझं होत नाही. हे गृहस्थ कधी प्रवचनाला आले नाहीत, तरी यांना कुणी शिकवलं? पण तरीही तिने हो म्हटलं नाही. तिला माहीत होतं, की जीव घुसमटून दिलेलं दान पहिल्या थंडीतच बोलायला लागतं. तिला खरं हो म्हणायचं होतं किंवा खरं नाही.

तेवढ्यात मागून लेक हसली. हसली म्हणजे कपाळावर हात मारून हसली. तिने नकाशे जमिनीवर पसरले होते आणि काकांचा साचा त्यांच्यावर एकेक करून ठेवत होती.

तिने सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं. मनोरा बाहेरून निमुळता होतो तसा आतूनही थोडा थोडा होत जातो. म्हणजे प्रत्येक मजल्याच्या भिंतीचा बाक वेगळा. खाली मोठा सैल, वर घट्ट. एका मजल्याचं कपाट दुसऱ्या मजल्याला लागत नाही. काकांचा साचा झोपायच्या खोलीपेक्षा घट्ट होता. पेटी इथली नव्हतीच. कुणा जुन्या रखवालदाराने ती वरून खाली आणली असणार, आणि तेव्हापासून ती या खोलीत परकीच.

"अहो, म्हणून ती डुगडुगायची आणि तिच्याखाली लाकडाचा तुकडा घालावा लागायचा," माई म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, जमीन वाकडी आहे."

नाना म्हणाले, मला तसंच सांगितलं होतं, माझ्या आधीच्याने. पाचरकाका आता हसू लागले. म्हणाले, तीन पिढ्या रखवालदार जमिनीला नावं ठेवत बसले, आणि जमीन बापडी गप्प.

मग पेटी कुठली? साचा बसत होता एकाच मजल्यावर, दिव्याच्या अगदी खालच्या खोलीत. पहाऱ्याच्या खोलीत.

ती खोली नानांची. लग्नापासून रोज संध्याकाळी नाना तिथे जायचे आणि पहाटे खाली यायचे. दिव्याला फिरवणाऱ्या यंत्राची वजनं साखळीला लटकत मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली उतरत आणि ती पुन्हा वर ओढावी लागत. ते करता करता नाना रात्र काढत. पहाऱ्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा नियम. बांधणाऱ्याने तिथे टेकायला पाठ असलेलं आसनही ठेवलं नव्हतं, माणसाला डुलकी लागू नये म्हणून एक उंच स्टूल फक्त. माई कधीमधी पाण्याचा तांब्या घेऊन वर जायची, देऊन परत यायची. ती तिथे कधी बसली नव्हती.

कोपरा पुन्हा सुटा झाला. जिना संपला की पहाऱ्याच्या खोलीत उभ्या, लोखंडी पायऱ्यांवरून जावं लागतं. त्या चढताना माईने दोनदा थांबून श्वास घेतला आणि एकदा पायऱ्यांना बोल लावला. वर काकांनी फळ्या जोडल्या. लेकीने एका बाजूने धरलं. सरकवत सरकवत भिंतीशी नेला, आणि शेवटच्या वितीभर अंतरात तो जणू स्वतःहून गेला. पापणी मिटावी तसा लागला. काकांनी फटीत नख घालून पाहिलं. नख जाईना. त्यांनी डावीकडे दाबलं, उजवीकडे दाबलं, मग सगळा भार टाकून ढकललं. मनोरा हलला असता तर तो हलला असता.

माई आत जाऊन बसली. दोन्ही फळ्या पाठीला लागल्या. खोली लहान होती, वर लोखंडी जाळीचं छत, आणि जाळीतून दिव्याच्या खोलीचा उजेड गाळून येत होता. नाना पायऱ्यांच्या तोंडाशी उभे होते, सवयीने अर्धे आत, अर्धे बाहेर. लेकीला काहीतरी विचारायचं होतं. काकांनी तिच्या दंडाला हात लावला.

माईने डोळे मिटले आणि सुरुवात केली. फार काही नाही, रोजचंच, देवाला उठवण्याचं. पहिली ओळ समोर गेली, आणि परत येऊन मांडीवर बसली. दुसरी गेली ती परत आली नाही. जाळीतून वर निघून गेली, मोठ्या भिंगाच्या काचांमधून, आणखी वर, जिथे तांब्याच्या गोळ्याला भोकं ठेवलेली होती तिथवर. माईचे डोळे मिटलेलेच होते, पण भुवया उंचावल्या. तिसरी ओळ तिने जरा मोकळी सोडली.

काही ओळी परत येत होत्या आणि काही वर जात होत्या. हे असं तिने कधी ऐकलं नव्हतं, गावातल्या कोपऱ्यातही नाही. तिथे सगळं तिच्याकडेच यायचं. चांगलंच होतं ते. पण हाक मारली आणि ती कुणीतरी घेतली, असं वाटायला एखादी ओळ तरी परत न यायला हवी.

भजन संपलं. खाली, खूप खाली, खडकांत पाणी भरायला लागल्याचा आवाज येत होता. भरती सुरू झाली होती. बांध बुडायच्या आत निघायला हवं होतं. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. सगळे माईकडे बघत होते आणि नाना कुठेच बघत नव्हते.

"या लोखंडी पायऱ्यांना धरायला काही नाही," माई म्हणाली. "एक दोर हवा. चांगला जाड. मला रोज चढायचंय."

लेक, आर्किटेक्ट ती, म्हणाली की दगडाला कडी ठोकता येणार नाही.

"मग न ठोकता बांध. एवढं शिकलीस ते कशाला?"

पाचरकाका आधीच पायऱ्यांशी वाकून लोखंडी दांड्या वितीने मोजत होते. म्हणाले, वरून जाळीला बांधला तर ओझं लोखंडावर येईल, दगडाला कळणारसुद्धा नाही. लेक म्हणाली, बघू. म्हणजे होईल. नाना मटकन वरच्या पायरीवर बसले, पाय खाली सोडून, स्वतःच्याच खोलीच्या दारात पाहुण्यासारखे.

माईने पदर सारखा केला, पुन्हा पाठ टेकली आणि दुसरं भजन सुरू केलं. दोर किती लांब घ्यायचा, हे लेकीने नानांना हळूच विचारलं. त्यांनी मागे न बघता हात वर केला, जरा थांब म्हणून.